गळती रोखणारी काच

अमेरिकेतील इंडियाना राज्याची राजधानी इंडियानापोलिस. तेथून ईशान्येकडे मोटारीने निघाले, की साधारण तासाभरात मन्सी हे शहर लागते. वाटेत ना डोंगर, ना घाट. दोन्ही बाजूंस मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेते, मधूनच धान्याची उंच कोठारे आणि क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता. व्हाइट नदी शहरातून वळणे घेत संथपणे वाहते. लेनापी या मूळ रहिवाशांच्या मुन्सी नावाच्या शाखेवरून गावाला हे नाव मिळाले. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र हे शहर दुसऱ्याच नावाने ठाऊक आहे. रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याने येथील दैनंदिन जीवनाचा अभ्यास करून १९२९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात गावाचे खरे नाव झाकून त्यास ‘मिडलटाऊन’ म्हटले. अमेरिकेतील कोणत्याही साधारण गावाचा नमुना म्हणून त्यांनी मन्सीची निवड केली होती.

अशा या साधारण गावाविषयी जगात विखुरलेल्या एका छोट्या वर्गाला मोठी ओढ वाटते. हा वर्ग म्हणजे तारेच्या खांबांवरील जुने इन्सुलेटर जमवणारे संग्राहक. रेल्वेच्या प्रवासात खिडकीशी बसून, रुळांलगतच्या खांबांवर उलटे ठेवल्यासारखे दिसणारे चिनी मातीचे पांढरे पेले ज्यांनी लहानपणी पाहिले आहेत, त्यांना ही वस्तू ओळखीची वाटेल. भारतात ती बहुधा पांढरी आणि चिनी मातीची दिसे; अमेरिकेत ती प्रामुख्याने काचेची होती. समुद्राच्या पाण्यासारखी निळसर हिरवी, क्वचित गर्द निळी, कधी मधासारखी पिवळी, तर कधी जांभळी. त्यांतील लक्षावधी नगांवर एकच नाव उठावाच्या अक्षरांत उमटलेले आहे: हेमिंग्रे. हा कारखाना मन्सीचा.

थेंबाथेंबाचा हिशेब

इन्सुलेटरचे काम समजून घेतल्याशिवाय त्याच्या संग्रहामागील गोडी समजत नाही. तारेतून वाहणारी वीज जमिनीकडे जाण्याची वाट सतत शोधत असते. लाकडी खांब कोरडा असेल तर ती वाट अवघड. परंतु पाऊस पडला, लाकूड भिजले, की खांब हीच वाट बनते. म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये विजेला अडवणारी वस्तू ठेवावी लागते. काच आणि चिनी माती ही कामे उत्तम करतात. त्या कुजत नाहीत, गंजत नाहीत, उन्हाने वाकत नाहीत.

तरीही एक अडचण उरते. काच स्वतः वीज वाहू देत नाही, पण तिच्या पृष्ठभागावर पाण्याचा आणि धुळीचा पातळ थर बसला, तर त्या थरावरून वीज हळूच निसटते. एका खांबावरची ही गळती नगण्य असते. मात्र मैलाला तीस-चाळीस खांब आणि शेकडो मैलांची तार असा हिशेब मांडला, तर हजारो ठिकाणची नगण्य गळती मिळून संदेशच पुसून टाकते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे आटतेही. व्यवहारात वावरणाऱ्यांना हे तत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पेढी बुडते ती बहुधा एका मोठ्या दरोड्याने नव्हे, रोजच्या बारीक गळतीने.

यावरचा उपाय वस्तूच्या आकारात आहे. इन्सुलेटरचा खालचा भाग घागऱ्यासारखा पसरट आणि आतून पोकळ असतो. वरचा भाग पावसात भिजला तरी घागऱ्याच्या आतली बाजू कोरडी राहते आणि विजेची वाट तेथे तुटते. १८५६ साली इंग्लंडमधील लॅटिमर क्लार्क यांनी एका पेल्याच्या आत दुसरा पेला अशी चिनी मातीची रचना केली, ती याच विचारातून. हेमिंग्रे कारखान्याने पुढे घागऱ्याच्या कडेला खालून लहान लहान दाण्यांची रांग दिली. पाणी कडेवर थरासारखे पसरून राहू नये, दाण्यांच्या टोकांशी गोळा होऊन थेंबाथेंबाने लवकर गळून पडावे, ही त्यामागची कल्पना. तिच्या एकस्वाची तारीख, २ मे १८९३, असंख्य नगांवर उमटलेली दिसते. नगाच्या कडेवरून बोट फिरवून, दाणे टोकदार आहेत की गोलसर, हे पाहून तो आधीचा की नंतरचा, हे सरावलेला संग्राहक सांगू शकतो.

१८६५ : एक आटे आणि एक बाजार

सुरुवातीचे इन्सुलेटर आतून गुळगुळीत असत. खांबाच्या आडव्या दांडीवर लाकडी खुंटी ठोकायची आणि तिच्यावर काचेची ही टोपी नुसती बसवायची, एवढीच पद्धत होती. वाऱ्याने तार हेलकावे खाई, थंडी-उन्हाने ती आखडे आणि सैल होई, आणि टोपी हळूहळू वर सरकून खुंटीवरून निघून जाई. तार लोंबकळली, की गावांमागून गावांचा संपर्क तुटे. या दुखण्यावर औषध शोधले ते न्यूयॉर्कच्या लुई कॉव्हे नावाच्या सुताराने. त्याने टोपीच्या आत आणि खुंटीच्या टोकावर आटे पाडले. बरणीला झाकण बसवावे तसा इन्सुलेटर आता फिरवून घट्ट बसू लागला. त्याच्या एकस्वाची तारीख २५ जुलै १८६५. पुढे ते हक्क ब्रुकफिल्ड या न्यूयॉर्कच्या काचव्यवसायाकडे गेले आणि ही तारीखही हजारो नगांवर कोरली गेली. आटे नसलेले जुने नमुने आज दुर्मीळ समजले जातात. कारण ते ज्या दोषामुळे निरुपयोगी ठरले, त्याच दोषामुळे खाली पडून फुटलेही.

१८६५ हे वर्ष मुंबईच्या व्यापारी घराण्यांनाही विसरता येण्यासारखे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता. पश्चिम भारतातील कापसाला कधी नव्हे असा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या समभागांवर सट्टा खेळला जाऊ लागला. त्या काळातील बाजाराचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव आजही घरोघरी घेतले जाते. राजाबाई टॉवर हा त्यांनी मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिला. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि जुलैच्या पहिल्या तारखेस, वायद्यांच्या हिशेबपूर्तीच्या दिवशी, मुंबईचा बाजार बसला. कित्येक घरे एका रात्रीत उघड्यावर आली.

त्याच वर्षी इराणच्या आखातातून टाकलेल्या समुद्री तारेमार्गे भारत आणि युरोप प्रथमच तारायंत्राने जोडले गेले. १८७० साली मुंबई ते सुवेझ अशी समुद्राखालील तार आली आणि लंडनहून तेहरानमार्गे कलकत्त्यापर्यंतचा सीमेन्स यांचा मार्गही सुरू झाला. त्या मार्गावरील चिनी मातीचे इन्सुलेटर लोखंडी टोपीच्या आत बसवलेले होते. निर्मनुष्य मुलुखात दगडाचा किंवा गोळीचा नेम धरणाऱ्यांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून. लिव्हरपूलचा भाव कळायला पूर्वी आगबोटीची वाट पाहावी लागे, तो आता तारेने येऊ लागला. व्यापाऱ्याच्या निर्णयाचा पाया असलेली बातमी हजारो मैलांवरून येत असे आणि ती वाटेत गळून जाऊ नये, याची जबाबदारी प्रत्येक खांबावरच्या त्या मूठभर वस्तूवर असे. एखादा पेला तडकलेला असेल आणि वर पाऊस असेल, तर आकडा अस्पष्ट होई, संदेश पुन्हा मागवावा लागे आणि तोवर बाजार पुढे निघून जाई.

जळणारे आकाश

मन्सीच्या भाग्योदयाची कथा मात्र एका गळतीपासूनच सुरू होते. मन्सीच्या उत्तरेस काही मैलांवर ईटन नावाचे खेडे आहे. १८७६ साली तेथे काही मंडळी दगडी कोळशाच्या शोधात जमीन खणत होती. काही शे फूट खाली गेल्यावर कोळसा लागला नाही. उग्र वासाचा वायू घोंघावत वर आला. आपण पाताळाचे छत फोडले, अशी भीती पसरल्याचे गावकथा सांगते. विवर बुजवण्यात आले. दहा वर्षांनी, १८८६ साली, शेजारच्या ओहायो राज्यात नैसर्गिक वायूने संपत्ती आल्याचे पाहून ते विवर पुन्हा खुले केले गेले आणि त्यातून निघालेल्या ज्वाळेचा उजेड दूरवर दिसू लागला.

जमिनीखाली चुनखडकात साठलेला तो वायूचा अफाट साठा होता. गावोगावी विहिरी खणल्या गेल्या. काच वितळवायची तर भट्टी दिवसरात्र धगधगती ठेवावी लागते. ज्यांना इंधन हाच सर्वांत मोठा खर्च, त्या काचकारखानदारांना गावे आमंत्रणे धाडू लागली. न्यूयॉर्क राज्यातील बफेलोच्या बॉल बंधूंना मन्सीने पाच हजार डॉलर, सात एकर जमीन आणि फुकट वायू देऊ केला. ते १८८७ साली आले, आणि त्यांच्या फळे टिकवण्याच्या काचबरण्या पुढे अमेरिकेच्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचल्या. १८८८ साली केंटकी राज्यातील कॉव्हिंग्टनहून हेमिंग्रे कारखानाही मन्सीत आला. रॉबर्ट हेमिंग्रे आणि राल्फ ग्रे यांनी १८४८ साली सिनसिनाटीत सुरू केलेल्या या व्यवसायात दिव्यांच्या चिमण्या, बरण्या अशी नानाविध काच होत असे. तारायंत्राचा विस्तार होऊ लागला तसे इन्सुलेटर हेच त्याचे मुख्य उत्पादन झाले.

या भरभराटीच्या दिवसांतील मन्सी आणि आसपासची गावे रात्री कशी दिसत असतील, याची आज कल्पना करणे कठीण आहे. वायू मुबलक आहे हे जगाला दाखवण्यासाठी गावांच्या वेशींवर, रस्त्यांवर उघड्या नळ्यांच्या टोकांशी मोठमोठ्या ज्वाला पेटत्या ठेवल्या जात. त्या रात्री जळत आणि दिवसाही जळत. कारण विझवून पुन्हा पेटवण्याची तसदी घेण्याइतकीही वायूची किंमत कोणाला वाटत नव्हती. गुंतवणूकदारांना घेऊन खास आगगाड्या येत आणि विहिरींची तोंडे उघडून त्यांच्यासमोर आगीचे खेळ केले जात. घरात मोजमापाचा मीटर नसे. महिन्याचे ठरावीक पैसे दिले, की हवा तेवढा वायू जाळावा. घर फार तापले, तर वायू कमी न करता खिडकी उघडावी.

सावध करणारे होते. साठा कितीही मोठा असला तरी तो अमर्याद नाही आणि विहिरींतील दाब उतरू लागला आहे, असे राज्याचे भूगर्भतज्ज्ञ सांगत होते. १८९१ साली राज्याने उघड्या ज्वाला पेटत्या ठेवण्यास कायद्याने बंदी केली. तोवर सवय जडली होती. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे उलटेपर्यंत वायू कारखान्यांना पुरेनासा झाला. अनेक काचभट्ट्या थंड पडल्या. कित्येक कारखान्यांनी गाशा गुंडाळला. याहून मोठे नुकसान जमिनीखाली झाले. त्याच खडकात तेलही होते. पण ते वर ढकलणारा वायूचा दाबच नाहीसा झाल्यामुळे त्यातील बराचसा साठा जमिनीतच अडकून पडला. जे जाळले ते तर गेलेच. जे जाळले नाही तेही हाती आले नाही.

ज्या वस्तूचे सगळे काम गळती रोखणे, ती वस्तू अशा उधळपट्टीच्या उजेडात तयार होत होती. कारखान्याच्या आत कामगार घागऱ्याच्या कडेचे दाणे नीट उमटले की नाही हे पाहत होते, आणि कुंपणाबाहेर गावाची पुंजी रात्रंदिवस आकाशात जळत होती. मन्सीच्या इतिहासातील हा विरोध डोळ्यांत भरतो.

फुकट इंधन संपल्यावर

फुकट वायूसाठी आलेले कारखाने वायूबरोबरच गेले. हेमिंग्रे आणि बॉल मात्र टिकले. दुसरे इंधन विकत घ्यावे लागले, तरी ते मन्सीतच राहिले. त्यांच्याजवळ इंधनाखेरीजही काहीतरी होते. हेमिंग्रेकडे साच्यांचे आणि दाब देऊन आटे पाडण्याच्या पद्धतीचे स्वतःचे ज्ञान होते. १९ डिसेंबर १८७१ ही त्यासंबंधीच्या एकस्वाची तारीखही जुन्या नगांवर वाचता येते. त्यांचा माल तार कंपन्यांना, टेलिफोन कंपन्यांना आणि रेल्वेला वर्षानुवर्षे हवाच होता. सवलतीच्या आधारावर उभा राहिलेला धंदा सवलत संपताच कोसळतो. कसबावर उभा असलेला धंदा सवलतीनंतरही चालू शकतो, हे मन्सीतील दोन प्रकारच्या कारखान्यांकडे पाहून दिसते.

या काळातील ‘हेमिंग्रे ४२’ हा नमुना बहुधा जगातील सर्वांत परिचित काचेचा इन्सुलेटर असेल. उंची वीतभरही नाही, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. लांब पल्ल्याच्या तारांसाठी तो अगणित संख्येने तयार झाला. त्याचा निळसर हिरवा रंग मुद्दाम दिलेला नाही. तो वाळूत मिसळलेल्या लोहाचा. तार कंपन्यांना रंगाशी कर्तव्य नव्हते. म्हणूनच भट्टीत उरलेली, रंगीत, मिसळलेली, कशीही काच या साच्यांत ओतली जाई, आणि म्हणूनच आज एकाच साच्याच्या नगांत रंगांच्या कितीतरी छटा सापडतात. ज्या गोष्टीला विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने काडीचे महत्त्व दिले नाही, तीच पुढे संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली.

१९३३ साली हेमिंग्रे कारखाना ओवेन्स-इलिनॉय या मोठ्या काचकंपनीच्या मालकीचा झाला. नाव मात्र नगांवर कायम राहिले. रंग हळूहळू जाऊन काच पारदर्शक झाली. पुढे तारा जमिनीखाली गेल्या, संदेश बिनतारी झाले, उघड्या तारांच्या ओळी उतरवल्या जाऊ लागल्या. १९६७ साली मन्सीतील इन्सुलेटरचे उत्पादन थांबले.

मोठ्या दाबाची वीज वाहून नेण्याच्या कामात चिनी माती त्याआधीच पुढे गेली होती. १९०७ च्या सुमारास हेवलेट आणि बक या अमेरिकन अभियंत्यांनी तार खुंटीवर बसवण्याऐवजी तबकड्यांच्या साखळीला टांगण्याची रीत आणली. दाब वाढला तर साखळीत तबकड्या वाढवायच्या, इतके ते सोपे. आज महाराष्ट्रातील कोणत्याही महामार्गावरून दिसणाऱ्या विजेच्या मनोऱ्यांवर त्याच साखळ्या लोंबत असतात. १३२ किलोव्होल्टच्या तारेला एका साखळीत नऊ-दहा तबकड्या मोजता येतात. कोकणपट्टीत समुद्राची खारी हवा आणि कारखानदारी भागातील धूळ त्यांच्यावर थर धरते. धुक्यात तो थर ओलावला, की ठिणगी उडून वीज खंडित होते. म्हणून त्या वेळोवेळी स्वच्छ कराव्या लागतात. दीडशे वर्षांत आकार बदलला, पण जुना शत्रू तोच आहे: पृष्ठभागावरचा पातळ ओला थर.

टाकलेल्या वस्तूचे मोल

अमेरिकेत उघड्या तारा उतरवताना कामगार इन्सुलेटर खांबाखालीच टाकून जात. रुळांच्या कडेला, शेतांच्या बांधांवर, ओढ्यांच्या काठी ते पडून राहत. कोणी ते घरी नेऊन खिडकीत ठेवले. सकाळचे ऊन काचेतून आले आणि भिंतीवर निळा-हिरवा उजेड पडला. अनेकांचा छंद इतक्या साध्या रीतीने सुरू झाला. १९६९ मध्ये या छंदाला वाहिलेले ‘क्राउन ज्युवेल्स ऑफ द वायर’ हे मासिक निघाले. पुढच्याच वर्षी देशभरातील संग्राहकांचा पहिला मोठा मेळा भरला, तो मन्सीपासून फार दूर नसलेल्या न्यू कॅसल गावात. १९७३ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

ढिगाला शिस्त लावण्याचे काम एन. आर. वुडवर्ड यांनी केले. नगावर कोणाचे नाव आहे याकडे न पाहता केवळ आकारावरून त्यांनी प्रत्येक प्रकारास क्रमांक दिला. त्यामुळे देशोदेशीचे संग्राहक परस्परांची भाषा न जाणताही १५४ म्हटले की हेमिंग्रे ४२ चा आकार ओळखतात. २५७ क्रमांकाच्या आकाराला वर दोन कानांसारखे उंचवटे आहेत. त्याला संग्राहकांनी लाडाने ‘मिकी माऊस’ हे नाव दिले आहे. चिनी मातीच्या नगांची अशीच वर्गवारी जॅक टॉड यांनी लावली. एखादा संग्राहक केवळ एक आकार घेऊन त्याच्या सर्व छटा जमवतो. दुसरा एका देशाचे नमुने जमवतो. ब्रिटन आणि त्याच्या अमलाखालील प्रदेशांतील पांढरी चिनी माती, इटली, फ्रान्स आणि मेक्सिको येथील काच अशी दालने तयार होतात. सारे काही जमवू पाहणाऱ्याचे घर भरते आणि मन भरत नाही, हे या छंदातील जुनी मंडळी नव्यांना प्रथम सांगतात. मर्यादा आखून घेणाऱ्यालाच आपल्याजवळच्या प्रत्येक नगाची कथा पाठ राहते.

जेथे मोल आले तेथे मोहही आला. जुन्या काचेत लोहाचा हिरवटपणा झाकण्यासाठी मँगनीज घातलेले असे. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की तिला आपोआप जांभळी छटा येते. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात तयार झालेले काही नमुने या रंगासाठी प्रसिद्ध आहेत. ही छटा म्हणजे उन्हात उभे राहिलेल्या दशकांची नोंदच. पुढे किरणोत्साराचा मारा करून काही तासांत काच जांभळी किंवा तपकिरी करण्याची युक्ती निघाली, आणि दोन डॉलरचा नग दुर्मीळ म्हणून विकला जाऊ लागला. असा रंग अनेकदा खऱ्या छटेपेक्षा अधिक भडक असतो. जाणते विक्रेते अशा नगाला ‘बदललेला’ अशी चिठ्ठी लावल्याखेरीज तो टेबलावर ठेवत नाहीत. कारण येथे सगळा व्यवहार परस्परांच्या शब्दावर चालतो, आणि एकदा गेलेली पत कोणत्याही दुर्मीळ नगाने परत विकत घेता येत नाही. दुसरा दंडकही तितकाच कडक आहे: उभ्या खांबावर चढू नये आणि रेल्वेच्या किंवा कोणाच्या जमिनीतून विचारल्यावाचून काही उचलू नये. वापरात नसलेल्या वस्तूलाही मालक असतो.

भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. ‘तार आली’ हे दोन शब्द ऐकताच घरातल्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे, त्या पिढीला तो दिवस आठवतो. पेढीवर भावाची तार, घरी सुखदुःखाची तार. दोन्ही याच पांढऱ्या पेल्यांच्या आधाराने आल्या. ते पेले मोडीच्या दुकानांत, जुन्या स्थानकांच्या मागे, पडक्या गोदामांच्या भिंतींवर अजून अधूनमधून दिसतात. त्यांची दखल घेणारे येथे थोडेच.

मन्सीत बॉल घराण्याचे नाव आज विद्यापीठावर आणि रुग्णालयावर आहे. नदीकाठची त्यांची घरे पाहुणे आवडीने पाहतात. हेमिंग्रे हे नाव शहरात तेवढ्या ठळकपणे दिसत नाही. ते वाचायचे असेल तर काच हातात घ्यावी लागते. एक-दोन डॉलरला सहज मिळणारा ४२ क्रमांकाचा नग उन्हासमोर धरला, की वर अक्षरे, आत आटे आणि खाली दाण्यांची रांग स्पष्ट दिसते. आतमध्ये कुठे हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला असतो, कुठे साच्याची शीण रेघ. पन्नास-साठ पावसाळे त्याने अंगावर घेतलेले असतात. ईटनच्या विवरातून निघालेल्या ज्वाळा मैलोगणती दिसत असत. त्यांतील एकही आज शिल्लक नाही. त्यांच्याच उष्णतेत वितळलेल्या काचेपैकी काही मात्र अजून कोणाच्या तरी खिडकीत आहे, आणि सकाळी ऊन आले की भिंतीवर तिचा निळसर उजेड पडतो.